बाई म्हणाल्या, जवारी नाही

आई, तुझा डबा अजून चालतो. समोरचा लाल दिवा मधूनच डोळे मिचकावतो, मागची एक पट्टी सैल झाली आहे, आतले काही भाग मधल्या वर्षांत मी बदलून घेतले. पण घुंडी तीच आहे आणि घुंडीशेजारचा तुझा ठिपकाही तोच. घरात सगळे त्याला 'आजीचा डबा' म्हणतात, आणि आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसल्यामुळे त्याला हात लावत नाहीत. ते एका परीनं बरंच आहे. परवा सुनेनं विचारलं, "आई, हा डबा नक्की करतो काय?" मी म्हटलं, "सुई जे पुटपुटते ते आपल्याला कळेल असं करून सांगतो." ती हसली. तिला वाटलं मी नेहमीसारखी थट्टा करते आहे. पण खरं सांगू, याहून बरं उत्तर मला अजूनही देता येत नाही. ज्या गोष्टीत काय चालतं ते आपल्याला पूर्ण कळत नाही तिच्यापुढे माणूस एक तर हात जोडतो नाही तर खांदे उडवतो. तुझ्या पोटी जन्मल्यामुळे मला दुसरं कधी जमलं नाही.

ती रेकॉर्ड झाली तेव्हा मी शाळकरी होते. तुझे गाण्यातले गुरू, बुवा, मुंबईला गाणं रेकॉर्ड करायला निघाले आणि मागे तंबोऱ्यावर त्यांनी तुला बोलावलं. मुलींच्या शाळेतली गाणं शिकवणारी बाई, घरी नवरा, लेक, चूल, आणि ती गाडीत बसून मुंबईला जाणार फक्त चार तारा छेडायला! अण्णांना हे काही केल्या पटेना. "गाणार ते, नाव त्यांचं. तू तिथं जाऊन करणार काय?" असं ते म्हणाले होते. तू शांतपणे ट्रंकेत दोन लुगडी घातलीस आणि म्हणालीस, "ते गातील, मी धरीन." मला तेव्हा वाटलं, बुवा पडतील म्हणून तू त्यांना धरणार आहेस. परत आल्यावर तू स्टुडिओतली एकच गोष्ट सांगितलीस, पण ती मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला. तिथला माणूस तुला म्हणाला, हातातल्या बांगड्या काढून ठेवा, त्या वाजतात. तू म्हणालीस, नवरा जिवंत आहे माझा, बांगड्या उतरायच्या नाहीत. बुवा मध्ये पडले, तो माणूस चिडला, शेवटी तू कमरेचा रुमाल काढून उजव्या हातातल्या सगळ्या बांगड्या मनगटावर करकचून बांधल्यास आणि तंबोरा मांडीवर घेतलास. गोष्टीच्या शेवटी तू दर वेळी म्हणायचीस, "तरी एखादी किणकिणली असेल बघा." आणि स्वतःशीच हसायचीस.

रेकॉर्ड निघाली. पाकिटावर बुवांचा फोटो, तबल्याचं नाव, पेटीचं नाव. तंबोऱ्याचं नाव कुठंच नाही, ते कधी नसतंच. आपल्याकडे तेव्हा रेडिओला जोडलेला जुना प्लेअर होता, त्याची सुई इतकी झिजलेली की तिनं पापड लाटता आला असता. त्यावर बुवांचा आवाज कळायचा, तबला ठकठकायचा, आणि मागे शेजारच्या गल्लीत पिठाची गिरणी चालू असावी तसं काहीतरी घरघरायचं. ती घरघर म्हणजे तू. तू रेकॉर्डसमोर मान वाकडी करून बसायचीस आणि त्या घरघरीत स्वतःचा हात शोधायचीस. मी विचारलं होतं, "सापडलीस का?" तू म्हणालीस, "आहे गं, आत कुठंतरी आहे. दार उघडत नाही एवढंच." अशी कितीतरी वर्षं गेली. तू रोज शाळेत मुलींना सारेगम शिकवत होतीस आणि घरात त्या काळ्या तबकडीत तू कोंडून पडली होतीस.

मग तुझे कान उतरायला लागले. घरात हे सगळ्यांत आधी मला कळलं, कारण मी तोवर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले होते आणि दिवसभर कानाला पट्टा लावून दूरगावच्या पुसट आवाजांतून शब्द वेचणं हीच माझी नोकरी होती. मिलचा भोंगा झाला की तू म्हणायचीस, "चला, पाळी सुटली." पण समोर कुकर शिट्टीवर शिट्टी देतोय आणि तू निवांत मेथी निवडते आहेस. त्या दिवशी मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "आई, डाळीचं पीठ झालं की! शिट्टी ऐकू आली नाही का तुला?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी आयुष्यात तुझा राग पुष्कळ पाहिला, पण ते डोळे वेगळे होते. तू मेथीची जुडी खाली ठेवलीस आणि दबक्या आवाजात म्हणालीस, "कान माझे आहेत. डॉक्टरांना दाखवलेत. वरचे आवाज आधी जातात, मग एकेक करून बाकीचे. उपाय नाही. यांना सांगायचं नाही आणि शाळेत बोभाटा करायचा नाही. कळलं?" मी मान डोलावली. मग जरा वेळानं, मेथीकडेच पाहत, तू म्हणालीस, "जाण्याआधी एकदा तो तंबोरा नीट ऐकला असता, बास." एवढंच मागितलंस तू. मला तेव्हा रडू आलं आणि रागही आला, कारण तुझी मागणी इतकी लहान होती आणि ती पुरी करायला मला काहीच येत नव्हतं.

मामा परदेशातून आला तो त्याच सुमारास, आणि त्यानं तुझ्यासाठी नवा रेकॉर्ड प्लेअर आणला. केवढा देखणा! तबकडी फिरली की पाण्यावर तेल सरकावं तशी फिरायची, आणि सुई इतकी हलकी की फुंकर मारली तर उडेल. आपण तो मोठ्या थाटात रेडिओला जोडला, हळदकुंकू वाहिलं, बुवांची रेकॉर्ड लावली, आणि आवाज आला तो डासाएवढा. अण्णा म्हणाले, "परदेशी आहे, लाजत असेल." मग सात रस्ता चौकातल्या रेडिओ मिस्त्रींना बोलावणं गेलं. मूळचे मोडनिंबचे, अंगानं आडवे, बोटं मात्र बारीक. त्यांची मोठी मुलगी तुझ्या वर्गात होती, म्हणून तुझ्यासमोर ते बसतानाही अंग चोरून बसायचे. त्यांनी सुईवरचा चिमुकला भाग भिंगातून पाहिला आणि म्हणाले, "बाई, ही लोहचुंबकाची सुई हाय. हिचा आवाज लई बारीक, रेडिओला त्यो पोचतच न्हाय. मधी एक डबा लागतोय. पिरीअँप म्हंत्यात त्येला."

"म्हणजे आवाज मोठा करणारा?" तू विचारलंस.

"नुसता मोठा न्हाय करत. आसं बघा, रेकॉर्ड कापताना खर्ज दाबून बसवत्यात, न्हायतर सुई उडंल. आनि वरचे सूर फुगवून ठिवत्यात. ह्यो डबा दोन्ही परत जाग्यावर आणतोय. आता किती आणायचं, कसं आणायचं, हितंच सगळी मेख हाय की. हरेक डब्याचं गणित येगळं."

तू पदर खोचून बसलीस. मला तुझा तो चेहरा अजून दिसतो. नवी बंदिश शिकायला बसलेल्या मुलीसारखा. तू म्हणालीस, "म्हणजे गाणं तिथं मुडपून ठेवलेलं असतं, आणि हा ते उलगडतो." मिस्त्री म्हणाले, "व्हय, लुगड्यावानी." आणि त्या दिवसापासून आपल्या घरात डबा निवडायचं काम सुरू झालं. लोक मुलीसाठी स्थळं पाहतात तशी आपण प्रीअँपं पाहिली. माझी स्थळं त्याच वर्षी पाहिली जात होती, पण त्यात कुणी इतकं लक्ष घातल्याचं मला आठवत नाही.

पहिला डबा मिस्त्रींनीच केला, इंग्रजी मासिकातल्या आकृतीवरून. आवाज घसघशीत आला. तबल्याच्या डग्ग्यानं कपाटातली भांडी हलली आणि अण्णा खूश झाले. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालीस, "बुवा गोधडी पांघरून गातायत." दुसरा डबा मामाच्या ओळखीनं मुंबईहून आला, तयार, चकचकीत, पुढे चांदीसारखी पट्टी. तो पसंत पडला तर ठेवायचा, नाही तर परत पाठवायचा असं ठरलं होतं. त्याचा आवाज स्वच्छ होता. बुवा श्वास घेतात ते कळलं, पेटीचा भाता कळला, मलाही वाटलं की झालं, मिळालं. अण्णा तर म्हणाले, "आता याच्यात काय वाईट आहे ते सांग." तू ती बाजू पुन्हा ऐकलीस, मग पुन्हा. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवलेस. "वाईट काही नाही," तू म्हणालीस. "सगळं आहे. जवारी नाही."

त्या क्षणी मी वळून तुझ्याकडे पाहिलं. कारण मला एक ठाऊक होतं जे खोलीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. तंबोऱ्याची जवारी, ती तारेतून उठणारी झणझण, वरच्या सुरांचा तो सगळा मोहोर, तो वरच्या आवाजांचाच तर असतो. डब्यात जवारी नव्हती की तुझ्या कानात उरली नव्हती? तुलाही तेच वाटलं असणार, कारण तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी स्वतः कान देऊन ऐकलं होतं. मला थोडीशी ऐकू येत होती, पण मी तंबोरा तुझ्यासारखा जन्मभर उराशी धरला नव्हता, मी काय सांगणार? दुसऱ्या दिवशी अण्णा कचेरीत निघाले तेव्हा तू स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलंस, "जाता जाता मिस्त्रींना निरोप द्या हो. म्हणावं, बाकी सगळं ठीक आहे, फक्त जवारी नाही. जवारीचं तेवढं काहीतरी बघा म्हणावं." अण्णांनी निरोप जसाच्या तसा पोचवला. आयुष्यात तुझं एक काम त्यांनी अगदी शब्दाला शब्द केलं ते हे.

रविवारी सकाळी मिस्त्री आले ते सायकल हातात धरून, चालत. कॅरिअरवर पोतं. पोतं उतरवून त्यांनी ओसरीवर ठेवलं आणि घाम पुसत, खाली बघत म्हणाले, "बाई, घरची हाय. मालदांडी. दुष्काळात दोन सालं पेरलं ते करपलं, पन औंदा रान भरून आलंय. तुमी सांगावा धाडला, लई बरं वाटलं. मागायला लाजायचं न्हाय, पोरीला शिकिवताव तुमी माज्या."

तू पोत्याकडे पाहिलंस, मिस्त्रींकडे पाहिलंस. "हे काय आहे?"

"जवारी की."

"कशाला?"

"तुमीच सांगितलं न्हवं? बाकी समदं ठीक हाय, जवारी न्हाय म्हून. सायेब बोललं दुकानात येऊन."

मग आपण दोघींनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी वर्तमानपत्र हळूच खाली केलं. "मला वाटलं, मिस्त्री गावाकडचे, यांच्याकडची जवारी चांगली असेल म्हणून सांगितलं असशील. कोठी भरलेली दिसत होती मला. पण तुमच्या स्वयंपाकघरात मी कधी नाक खुपसलंय?" आई, तू किती हसलीस! भिंतीला धरून खाली बसलीस, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मला वाटलं आता तुला ठसका लागणार. आपल्या मुलखात ताटातल्या धान्याला आणि तंबोऱ्याच्या झणझणीला तोंडात एकच शब्द, त्याला कोण काय करणार! पण हसता हसता तुझं लक्ष मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे गेलं. ते ओशाळून पोतं परत उचलायला वाकले होते. दोन कोरडी वर्षं काढून पहिलं पीक आलेल्या माणसानं बाईंच्या घरात जवारी नाही हे ऐकून, काही न विचारता, आपल्या घासातलं आणलं होतं. तुझं हसू एकदम थांबलं. तू उठलीस, पोत्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "आणलीत ती आत ठेवा. आज हिचीच भाकरी होईल आणि तुम्ही जेवून जाल. आता बसा. माझी जवारी दाखवते."

तू तंबोरा काढलास. कित्येक महिन्यांत गवसणी उतरली नव्हती, आणि का ते मला आता कळलं. तू तारा लावल्यास, ते खालचे सूर तुला अजून कळत होते. मग घोडीवर तारेखाली जो सुताचा दोरा असतो तो तू ओढून काढलास आणि तार छेडलीस. टण्ण. पत्र्यावर खडा पडावा तशी. "ही नुसती तार," तू म्हणालीस. मग दोरा परत खाली सरकवलास आणि एका हातानं छेडत दुसऱ्या हातानं तो केसभर, अगदी केसभर पुढे नेऊ लागलीस. आणि नेता नेता तू माझ्याकडे पाहिलंस. फक्त मला समजेल असं. मी ऐकत होते. आवाज जाडा होता, मग थोडा खुलला, मग एकाएकी ती तार जणू आतून उजळली, आणि एका तारेतून कितीतरी सूर कारंज्यासारखे वर आले. मी पापणी लववली. तुझं बोट तिथंच थांबलं. बोटानं ती जागा आधीच जवळजवळ गाठली होती. कान जिथं पोचत नव्हता तिथवर हात आठवणीनं गेला होता, माझ्याकडून हवा होता तो फक्त होकार. मला त्या वेळी तुझी भीती वाटली, आई. देवळात गाभाऱ्याजवळ वाटते तशी.

मिस्त्रींच्या तोंडून निघालं, "आयला! ह्ये तर भाकरी फुगल्यावानी झालं की!" आणि बाईंसमोर काय बोललो म्हणून त्यांनी जीभ चावली.

तू मात्र खुललीस. "अगदी तसंच. न फुगलेली भाकरी काय पोटात जात नाही? जाते. पण फुगलेली ती फुगलेली. आता या खर्जाकडे लक्ष द्या. चार तारांत गंधार कुठंही लावलेला नाही. तरी येतोय का?"

मिस्त्री तुंब्याजवळ कान नेऊन बराच वेळ ऐकत राहिले. "येतोय की," ते म्हणाले, अगदी हळू. "न लावता कसा येतोय?"

"जवारी नीट असली की येतो. मला डब्यातून तो हवाय."

मिस्त्रींनी त्या दोऱ्याला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी दोरा तारेवर किती वझं टाकतोय त्येचा हा खेळ. बाई, डबा बी सुईवर वझं टाकतोय. आमी आपलं पुस्तकात लिवलंय तेवढं ठिवतो आनि इसरतो. त्येला एक घुंडी लावतो. तुमी तुमच्या हातानं सरकवा, दोरा सरकवल्यावानी." आणि शेंगाच्या चटणीशी तीन भाकरी खाऊन, आपला गोधडीवाला डबा काखेत मारून ते गेले.

पुढच्या एका सुट्टीच्या दुपारी ते तो परत घेऊन आले. खर्जाकडचे दोन भाग बदललेले, समोर काळी घुंडी. टेबलावर शेजारीच मुंबईचा चकचकीत डबा होता, त्याला ठेवायचं की पाठवायचं हे त्या दिवशी ठरायचं होतं. शेजारच्या पद्मशाली काकांना तू सांगून आली होतीस, एक बाजू वाजेपर्यंत माग थांबवा. त्यांनी थांबवला आणि आपली माणसं घेऊन दाराशी येऊन उभे राहिले. गल्लीत इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. आधी मुंबईचा डबा लावला. तू ऐकून मान हलवलीस, नुसती. मग मिस्त्रींनी वायर काढून आपल्या डब्याला जोडली, सुई ठेवली आणि बाजूला झाले.

मी ते अजून ऐकते आहे. बुवांच्या आधी तंबोरे सुरू होतात. तू घुंडीवर तीन बोटं ठेवतेस, दोऱ्यावर ठेवायचीस तशीच, आणि डोळे मिटतेस. आवाज जाडा आहे. तू केसभर फिरवतेस. थोडा खुलतो. पुन्हा केसभर. मी पापणी लववायला तयार होऊन बसले आहे, पण तू माझ्याकडे पाहत नाहीस. एका जागी मला वाटतं, आली, ही जागा. तू तिथं थांबत नाहीस. तू आणखी पुढे जातेस, आणखी, आवाज मला कानाला जरा टोचेल इतका पुढे, आणि तिथं तुझा हात थांबतो. तुझ्या कपाळावरची आठी विरते. "लागली," तू म्हणतेस. आणि त्या पत्र्याच्या डब्यातून, भिंतीकडच्या स्पीकरमधून, दोन तंबोरे खोलीत येऊन बसतात. एक कुणाचा तरी. आणि एक असा की खर्ज छेडण्याआधी तो अर्धा श्वास थांबतो. तू नेहमी थांबायचीस तसा. लहानपणी झोपताना मी ते थांबणं ऐकत झोपले आहे, मला ते अंधारातही ओळखता आलं असतं. तू होतीस ती. तेव्हाची, काळ्या केसांची, मुंबईतल्या कुठल्याशा खोलीत बुवांच्या डाव्या अंगाला बसलेली. एवढी वर्षं तबकडीच्या खाचेत दुमडून ठेवलेली माझी आई उलगडून बाहेर आली होती, आणि तिच्यासमोर दुसरी, पांढऱ्या केसांची, डोळे मिटून तिला ऐकत होती. दाराशी कुणीतरी नाक ओढलं. ते अण्णा होते.

मग बुवा वरच्या षड्जावर गेले, थांबले, आणि त्या जागी, आवाज नव्हता तेवढ्या फटीत, किण् असं झालं. मी ओरडलेच. "आई, बांगडी!"

तू डोळे उघडलेस. "कुठं?"

"आत्ता! आत्ता वाजली!"

मिस्त्री म्हणाले, "व्हय बाई, काच वाजली बघा." त्यांनी सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा बुवा वर गेले, पुन्हा किण्. आम्हा सगळ्यांना ऐकू आली, दाराशी उभ्या असलेल्यांनाही. तू आमच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिलीस. तुला ती ऐकू आली नव्हती. ती फार वर होती, तुझ्या हातून आधीच सुटलेल्या आवाजांत. तिसऱ्यांदा सुई ठेवली तेव्हा मी तुझ्याशेजारी बसले, तुझा उजवा हात मांडीवर घेतला, आणि ती जागा आली तसं तुझ्या मनगटावर, बांगड्यांच्या वर, बोट टेकवलं. तू मनगटाकडे बघत बसलीस. बाजू संपली, सुई आत जाऊन खरखरू लागली. मग तू म्हणालीस, "म्हणजे रुमाल सैल बांधला होता मी." आणि अण्णा म्हणाले, "आणखी एकदा लावा." ज्या माणसानं विचारलं होतं की तू तिथं जाऊन करणार काय, त्याला अखेर उत्तर मिळालं होतं. त्या दिवशी त्यांच्या काय लक्षात आलं ते त्यांनी कधीच बोलून दाखवलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ते तुझ्याशी पाठमोरे बोलायचे बंद झाले. समोर येऊन, तोंड तुझ्याकडे करून बोलायला लागले.

मुंबईचा डबा परत गेला. घुंडी कुणी हलवू नये म्हणून मिस्त्री खिळ्यानं रेघ ओढणार होते. तू म्हणालीस, थांबा. कुंकवाच्या करंड्यातलं मेण घेतलंस, घुंडीच्या टोकासमोर पत्र्यावर त्याचा थेंब दाबलास आणि त्यावर कुंकू लावलंस. जाताना मिस्त्रींनी मला अंगणात गाठलं. "ताई, बाईंनी लावलंय ते जरा टोकदार न्हाय वाटत? दोन केस मागं घ्यावं का?" मलाही तेच वाटत होतं. पण मी म्हटलं, "बाई म्हणतात तेच बरोबर." पुढे तुझे कान पार गेले, बुवाही तुला ऐकू येईनासे झाले, तरी सणावाराला तू ती रेकॉर्ड लावायला सांगायचीस आणि मनगट माझ्यापुढे करायचीस. आणि मी एवढी सगळी वर्षं, तू गेल्यावरही, ती घुंडी तुझ्या ठिपक्यावरच ठेवली. आवाज थोडा टोचायचा. टोचू दे, म्हणायचे. पण एक शंका मनात राहिली ती राहिलीच. त्या दुपारी तुला खरंच जवारी ऐकू आली होती, की आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून, त्या पोत्याची लाज राखायला, तू 'लागली' म्हणाली होतीस?

हे पत्र लिहायला बसले ते त्यासाठी. परवा पुष्कळ दिवसांनी रेकॉर्ड लावली. तंबोरे सुरू झाले आणि मी दचकले, कारण काहीच टोचलं नाही. मला वाटलं, घुंडी हलली. चष्मा लावून पाहिलं. ठिपक्यावरच होती. आणि आई, तुझ्या त्या ठिपक्यावर जवारी अशी उमलून आली होती, इतकी गोड, इतकी गोल, की न लावलेला गंधार खोलीभर झाला होता. दोन केस मागं नाही, दोन केस पुढं नाही. मी तिथंच जमिनीवर बसले. त्या दुपारी तू काय ऐकलंस ते मला आज कळलं, कारण मी तेच ऐकत होते, तुझ्याच कानांनी. ऐकू आली होती तुला, आई. अशी आली होती. यापेक्षा मोठं मला काही मिळायचं राहिलं होतं असं मला आता वाटत नाही.

मग बुवा वरच्या षड्जावर गेले आणि थांबले. ती फट आली. मी वाट पाहिली. फट रिकामी गेली. मी सुई मागे ठेवली, पुन्हा ऐकलं, पुन्हा रिकामी. तेव्हा मी डाव्या हाताचं बोट उजव्या मनगटावर टेकवलं आणि ती जागा आपण होऊन भरली. कुकर गॅसवर असला की हल्ली मी स्वयंपाकघरातून हलत नाही. सून म्हणते, सासूबाई किती मन लावून स्वयंपाक करतात. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.